एक तंटा, चार कपाटं: औद्योगिक संबंधांचा अभ्यास आणि पुण्यातल्या लायब्रऱ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चाकण-भोसरी पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार आणि युनियन या विषयावर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालंय. गाइड म्हणतात, आधी लायब्ररीत बसा. लायब्ररीत बसलो तर एचआरची जाडजूड पाठ्यपुस्तकं सोडून काही हाती लागत नाही. ऑनलाइन जर्नल्समध्ये सगळं चीन, अमेरिका, नाहीतर गुडगाव-मानेसर. पुण्यावरचं साहित्यच नाही का? आणि नसेल तर लायब्ररीत बसून करायचं काय?"

साहित्य आहे, आणि भरपूर आहे. तुम्ही चुकीच्या कपाटासमोर उभे आहात, एवढंच.

मी बारा वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली. नंतरची वीसेक वर्षं कामगार कायदे शिकवण्यात आणि प्रबंध लिहिणाऱ्यांच्या मागे लागण्यात गेली. दोन्हीकडे एक गोष्ट पाहिली. कारखान्यात एक तंटा झाला की त्याचे कागद चार ठिकाणी तयार होतात. सरकार एक लिहितं, कंपनी दुसरं, युनियन तिसरं आणि कोर्ट चौथं. चौघांचे शब्द वेगळे, आकडे वेगळे, कधीकधी तारखासुद्धा वेगळ्या. आणि लायब्ररी हे कागद लावते ते ज्याने लिहिले त्याच्या नावाने. तंट्याच्या नावाने नाही. तुम्ही तंट्याच्या नावाने शोधताय, म्हणून रिकाम्या हाताने परत येताय.

आधी शेल्फचं सांगते. ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या संगणकावरच्या कॅटलॉगवर, तुम्ही बहुतेक 'एम्प्लॉयी रिलेशन्स' किंवा 'ह्यूमन रिसोर्स' टाकलं असणार. ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन, लावलेल्या लायब्ररीत ते तुम्हाला ६५८.३ला नेऊन सोडतं. ते व्यवस्थापनाचं कपाट. तिथे कामगार म्हणजे सांभाळायची गोष्ट असते: भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, आणि शेवटी 'तक्रार निवारण' नावाचं एक प्रकरण. कामगार ज्या कपाटात स्वतः उभा असतो ते ३३१. युनियनसाठी ३३१.८८, सामूहिक सौदा आणि तंट्यांसाठी ३३१.८९. आणि कायदा तिसरीकडे, ३४४ला. भारताचा ५४ मध्ये घुसून तो ३४४.५४०१ होतो. तीन शेल्फं बऱ्याचदा तीन वेगळ्या मजल्यांवर किंवा खोल्यांत असतात, आणि एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंट), अर्थशास्त्र आणि एलएल.बी.चे विद्यार्थी एकाच विषयावर काम करत असूनही आयुष्यात एकमेकांना भेटत नाहीत. तुम्ही तिघांच्याही शेल्फसमोर अर्धा-अर्धा तास नुसते उभे राहा. पुस्तक उघडू नका, कणे वाचा. ओपॅक जे विचारलं तेवढंच दाखवतं, शेल्फ शेजारचंही दाखवतं.

दुसरी अडचण शब्दांची. तुमच्या चाकणच्या माणसाला विचारा, तो म्हणेल 'ठेक्यात आहे'. कायदा म्हणतो 'कॉन्ट्रॅक्ट लेबर'. आकडेवारी म्हणते 'ठेकेदारामार्फत नेमलेले कामगार'. कंपनीच्या अहवालात तो 'कायम नसलेला' असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले परदेशी शिकलेले अभ्यासक त्याच माणसाला 'प्रिकेरियस वर्कर' म्हणतात, त्याआधीचे 'कॅज्युअलायझेशन' म्हणायचे, आणि गिरणीच्या काळात गेलात तर 'बदली' (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला), 'जॉबर' आणि 'मुकादम' (गिरणीत माणसं भरणारे) असे शब्द लागतील. भरीला आपल्या पट्ट्यात 'ट्रेनी', 'अप्रेंटिस' आणि 'नीम'वाली पोरं. नीम म्हणजे एआयसीटीईची, तंत्रशिक्षण परिषदेची, २०१३ची योजना, आता बंद झालेली. तिच्याखाली घेतलेला मुलगा कागदावर कामगारच नव्हता, शिकाऊ. तो मशीनवर उभा असायचा, पण तुमच्या 'कॉन्ट्रॅक्ट लेबर'च्या शोधात कधीच येत नाही. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर हे सगळे शब्द एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकाने वेगळा शोध घ्या. 'लेबर'चं इंग्रजी स्पेलिंग 'यू'सकट आणि 'यू'विना, दोन्ही. अमेरिकी विषयशीर्षकं वापरणाऱ्या कॅटलॉगमध्ये 'ट्रेड युनियन' म्हणून शोधलं तर निम्मी पुस्तकं दिसत नाहीत, कारण ती 'लेबर युनियन्स'खाली गेलेली असतात.

आणि हो, 'पुणे' म्हणून शोधाल तर जुनं काहीच येणार नाही. 'पूना' टाका. आपल्या गावाचं जुनं स्पेलिंग विसरून पुण्यावर संशोधन करणारे मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

तिसरी खुबी लायब्ररीतले लोक जाणतात, पण कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. सरकारी अहवालाचा लेखक म्हणजे सरकार. चौकशी समितीच्या अध्यक्षाच्या आडनावाने शोधलंत तर मिळेल याची खात्री नाही; लेखकाच्या रकान्यात 'बॉम्बे', 'महाराष्ट्र' किंवा 'इंडिया' टाकून पुढे खात्याचं किंवा आयोगाचं नाव द्या. १९६०च्या आधीचं 'महाराष्ट्र'खाली नसणार, हे ओघाने आलंच. ह्या एका युक्तीने माझ्या एका विद्यार्थिनीला एका दुपारी जेवढं सापडलं तेवढं तिला आधीच्या सहा महिन्यांत सापडलं नव्हतं.

आता मला ज्या कपाटाबद्दल खरं बोलायचंय ते: राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्राचा एक भाग आहे, 'भाग एक-ल'. हा 'ल' म्हणजे लेबर. औद्योगिक विवाद अधिनियम आणि मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम यांखालच्या अधिसूचना, आदेश आणि निवाडे त्यात छापले जात आलेत. निवाडे, म्हणजे अवॉर्ड. कायद्याची पुस्तकं हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाचे निकाल देतात. पण खालच्या ट्रायब्युनलसमोर, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणासमोर, मूळ भांडण काय होतं ते बघायचं तर इथेच यावं लागतं. हे खंड कोणी मागत नाही. मागितले तर स्टॅकमधले, म्हणजे आतल्या साठ्याच्या खोलीतले, मामा आधी तुमच्याकडे, मग शिडीकडे बघतात.

साठ-सत्तरच्या दशकातला पगारवाढीचा एखादा निवाडा उघडा. सुरुवातीला पक्षांची नावं: एकीकडे कंपनी, दुसरीकडे 'तिथे काम करणारे कामगार'. मग रेफरन्सचा, म्हणजे तंटा ट्रायब्युनलकडे सोपवला त्या प्रकरणाचा, नंबर. त्यानंतर मागण्यांची यादी, आणि ती वाचताना घाई करू नका. मूळ पगार, महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी, हक्काची रजा हे तर असतंच; पण खाली खाली जात साबण, टॉवेल, गणवेशाचे जोड, बूट, कँटीनच्या चहाचा भाव असंही निघतं. कारखान्यात दिवस कसा जात होता ते त्या शेपटीतून कळतं, पाठ्यपुस्तकातून नाही. मग प्रत्येक मागणीवर युनियन काय म्हणाली, कंपनी काय म्हणाली, आणि ट्रायब्युनलने काय दिलं. पगार ठरवताना त्या काळी 'उद्योग आणि प्रदेश' हे तत्त्व लावत: त्याच धंद्यातल्या, त्याच भागातल्या इतर कारखान्यांत काय देतात ते बघायचं. त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या सोयीच्या कारखान्यांचे पगार पुढे करतात. युनियन मोठी नावं काढते, कंपनी शेडमधली छोटी युनिटं काढते, आणि न्यायाधीश सगळं नोंदवून ठेवतो. म्हणजे एका कारखान्याच्या निवाड्यात तुम्हाला आजूबाजूच्या पाच-सहा कारखान्यांच्या वेतनश्रेण्या फुकट मिळतात. असे वीस निवाडे ओळीने लावले तर त्या काळातल्या औद्योगिक पट्ट्याचा पगाराचा नकाशा तयार होतो, आणि तो कुठल्याही डेटाबेसमध्ये विकत मिळत नाही.

नोंद घेताना रेफरन्स नंबर, निवाड्याची तारीख आणि राजपत्राची तारीख या तिन्ही लिहा. निवाडा एका महिन्यात होतो, छापला दुसऱ्याच महिन्यात जातो, आणि पुढे कोर्टाच्या कागदांत शोधायला लागतो तो रेफरन्स नंबर. अलीकडची राजपत्रं ऑनलाइन आहेत. जुन्यांसाठी अंगमेहनत.

पुण्यात जायचं कुठे? विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय तुमचं घर समजा. विद्यापीठ १९४९चं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, त्यांच्याच नावाचं हे ग्रंथालय. तिथलं मोठं धन म्हणजे जुने छापील प्रबंध आणि जर्नल्सचे बाइंड केलेले खंड. पण कामगार विषयासाठी माझं पहिलं प्रेम बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले संस्थेवर. संस्था १९३०ची, पण धनंजयराव गाडगीळांच्या नावाच्या त्या ग्रंथालयाचं मूळ नामदार गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजात आहे. आणि ना. म. जोशी, १९२० साली आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) उभी करणाऱ्यांतले एक, हे याच समाजाचे सदस्य. १९२९ साली ब्रिटिश सरकारने भारतातल्या कामगारांविषयी रॉयल कमिशन नेमलं, ज्याला व्हिटली कमिशन म्हणतात, त्याचेही ते सदस्य होते. कमिशनचा अहवाल १९३१चा. तो सगळेच उद्धृत करतात. तुम्ही साक्षींचे खंड मागा. मुंबई इलाख्याचा पहिलाच खंड आहे. लेखी निवेदनं एका भागात, तोंडी उलटतपासणी दुसऱ्या भागात. मालक, अधिकारी, युनियनवाले आणि क्वचित स्वतः कामगार, प्रश्नोत्तरांत बोलताना सापडतात. जॉबर माणसं कशी भरतो, त्याबद्दल कोणाकडून काय घेतो, याची तिथली वर्णनं वाचून मग चाकणच्या ठेकेदाराकडे बघा.

गाडगिळांनी केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणीही तिथेच बघून घ्या. पहिला भाग १९४५ साली छापला गेला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, एमआयडीसी १९६२ साली; त्याच्या आधीचं पुणं कामाला कुठे जात होतं ते त्यात आहे. एक प्रकरण त्यावर लिहायची गरज नाही, पण 'पुण्यात उद्योग साठ साली सुरू झाले' असं वाक्य तुमच्या प्रस्तावनेत येणार नाही एवढं नक्की.

कायद्याच्या बाजूला विधी महाविद्यालयाचं ग्रंथालय धरा. आयएलएस १९२४चं कॉलेज, लॉ कॉलेज रस्ता त्याच्याच नावाचा. लेबर लॉ जर्नल, करंट लेबर रिपोर्ट्स यांचे खंड अशा ठिकाणी असतात. बाहेरच्या संशोधकाला सहसा विभागप्रमुखांचं पत्र आणि थोडी फी लागते. पत्रात 'संदर्भासाठी बसण्याची परवानगी' एवढंच मागा. पुस्तकं घरी न्यायची भाषा केलीत की चर्चा लांबते.

आकडेवारीबद्दल जरा सावकाश, कारण बहुतेकांचा प्रबंध इथेच घसरतो. ठेकेदारामार्फतच्या कामगारांसाठी सगळ्यात भरवशाचं म्हणजे ॲन्युअल सर्व्हे ऑफ इंडस्ट्रीज. तो थेट नेमलेले आणि ठेकेदारामार्फत नेमलेले असे दोन रकाने वेगळे देतो. तुमच्या उद्योगाचा कोड राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये २९ आहे: मोटार वाहनं, त्यात सुटे भागही आले. पण चाकणमधला प्रेस शॉप किंवा प्लॅस्टिक मोल्डिंगवाला स्वतःला २९ मध्ये दाखवेलच असं नाही. तो २२ मध्ये रबर-प्लॅस्टिकवाला किंवा २५ मध्ये धातूच्या वस्तूवाला म्हणून बसलेला असू शकतो. फक्त २९ धरून 'वाहनउद्योगात इतके टक्के ठेका' असं लिहिलंत आणि व्हायव्हाला कोणी जाणकार बसला, तर तो हे विचारणारच.

संपांचे आकडे लेबर ब्युरो देतो, सिमला-चंदीगडहून. त्यांचं 'इंडियन लेबर जर्नल' १९६० पासूनचं, त्याआधी तेच 'इंडियन लेबर गॅझेट' होतं. आपल्या मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचं 'लेबर गॅझेट' त्याहून जुनं, १९२१चं. 'गमावलेले श्रमदिन' हा आकडा दिसायला देखणा असतो. पण त्यात दहा किंवा जास्त कामगारांचं काम थांबलं तरच नोंद होते, आणि टाळेबंदीचेही दिवस असतात. काळ्या फिती लावून काम, कँटीनवर बहिष्कार, उत्पादन निम्म्यावर आणणं यातलं काहीच तिथे दिसणार नाही, कारण काम 'थांबलेलं' नसतं. माझ्या पर्सोनेल खात्यातल्या बारा वर्षांत काम पूर्ण बंद पडलं ते फक्त दोनदा. तंटा मात्र रोज होता. श्रमदिनांचा आलेख खाली गेला म्हणून 'औद्योगिक शांतता वाढली' असं लिहू नका. ठेक्यावरचा माणूस संप करत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर घेत नाहीत, आणि याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

कंपनीचं कपाट बहुतेक विद्यार्थी वगळतात, 'वार्षिक अहवालात काय असणार' म्हणून. जुन्या अहवालांपुरतं ते खरं आहे. संचालकांच्या निवेदनात 'औद्योगिक संबंध सलोख्याचे राहिले' एवढं एक वाक्य, संप झालेला असला तरी. पण आता चित्र बदललंय. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, सक्तीचा केला. त्यात कायम कामगार किती, कायम नसलेले किती, आणि कायम कामगारांपैकी युनियनचे किंवा संघटनेचे सभासद किती टक्के, हे रकाने आहेत. पुणे पट्ट्यातल्या सूचिबद्ध कंपन्या घेऊन तीन वर्षांचे रकाने समोरासमोर मांडा. आकडा अख्ख्या कंपनीचा असतो, एकट्या चाकण प्लांटचा नाही, हे लक्षात ठेवून. आणि दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले छोटे पुरवठादार, जिथे ठेका खरा मुरलाय, ते या हजारांत येतच नाहीत.

कायद्याबाबत तुमचं काम अवघड वेळी आलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहिता २०२०ने १९२६चा ट्रेड युनियन कायदा, १९४६चा स्टँडिंग ऑर्डर्सचा आणि १९४७चा औद्योगिक विवाद कायदा असे तीन गुंडाळले. पण तुम्ही वाचणार ते सगळे कागद जुन्या कलमांच्या भाषेत आहेत, म्हणून जुने बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कलमांची पुस्तकं, फेकू नका. आणि महाराष्ट्राचं आपलं खास प्रकरण म्हणजे एमआरटीयू-पीयूएलपी, १९७१चा राज्याचा कायदा. तो त्या तिनांत नाही. युनियनला मान्यता कशी मिळते, अनुचित कामगार प्रथा म्हणजे काय, हे सगळं त्यात. दिल्लीत किंवा चेन्नईत बसून लिहिलेल्या पुस्तकांत तो एका परिच्छेदात उरकलेला असतो. पुण्यातलं मात्र निम्मं भांडण 'यूएलपी', म्हणजे अनफेअर लेबर प्रॅक्टिस, या तीन अक्षरांत चालतं.

तुमच्या विषयासाठी दोन निकाल मुळातून वाचाच, दोन्ही सुप्रीम कोर्टाचे, दोन्ही २००१चे: 'विविध कामगार सभा विरुद्ध कल्याणी स्टील्स' आणि 'सिप्ला विरुद्ध महाराष्ट्र जनरल कामगार युनियन'. ठेक्यावरच्या कामगाराने 'आम्ही खरे कंपनीचेच' म्हणत यूएलपीची तक्रार केली, तर आधी तो कंपनीचा कामगार आहे हेच दुसरीकडे सिद्ध करून यायला हवं, अशी ती दिशा. त्याच वर्षीचा 'सेल'चा, म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचा, निकाल तिसरा. ठेका बंद करण्याचा आदेश निघाला म्हणून कामगार आपोआप कंपनीत सामावले जात नाहीत, असं त्यात ठरलं. २००१ नंतर तुमच्या पट्ट्यात यूएलपीच्या तक्रारींचं स्वरूप का बदललं, हा प्रश्न मनात ठेवूनच वाचायला घ्या.

इथे माझीच फजिती सांगते. एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. त्यात ट्रायब्युनलच्या एका निवाड्याचा दाखला दिला होता, कामगारांच्या बाजूने लागलेला, भाग एक-ल मधून स्वतः शोधून काढलेला. भलतीच खूश होते मी. प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले. म्हणाले, "मॅडम, तो निकाल हायकोर्टात उलटला. मी त्यातला सत्तावन्न नंबरचा कामगार." सभागृहात कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. निवाडा राजपत्रात छापला जातो. तो पुढे टिकला की नाही हे राजपत्र सांगत नाही. त्या दिवसापासून निवाडा सापडला की आधी लॉ रिपोर्टच्या पक्षसूचीत, आता मनुपात्रा किंवा एससीसी ऑनलाइन या निकालांच्या डेटाबेसवर, कंपनीच्या नावाने पुढची पायरी बघते. कंपनीचं नाव मधल्या काळात बदललेलं असू शकतं, तेही तपासते.

ऑनलाइन गोष्टींवर फार वेळ घालवत नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा पटकन शिकाल. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे केंद्र सरकारने जर्नल्सची एकत्र भरलेली वर्गणी, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स. पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांना आहे. तुमचं संशोधन केंद्र खासगी कॉलेजात असेल तर तिथे न उघडणारा लेख विद्यापीठाच्या आवारात उघडू शकतो. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी संस्थेचं कामगारविषयक डिजिटल दप्तर घरबसल्या बघता येतं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले प्रबंध निष्कर्षासाठी वाचू नका, निष्कर्ष बहुतेकांचे सारखेच असतात. परिशिष्टं वाचा. प्रश्नावली, कराराची प्रत, युनियनच्या मागणीपत्राची झेरॉक्स, असं कुणीतरी मागे चिकटवून ठेवलेलं असतं. जर्नल्समध्ये १९६५ पासूनचं 'इंडियन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल रिलेशन्स' आणि 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे दोन जुन्या अंकांपासून चाळा. वीकलीतले लेख राहू द्या बाजूला, आधी तिथली छोटी टिपणं बघा. संपाच्या ऐन भरात कुणीतरी येऊन लिहिलेली ती दोन पानं पुढच्या वीस पानी लेखांपेक्षा ताजी असतात.

चारही कपाटं एकत्र कशी उघडायची याचा सराव पुण्याच्याच एका प्रकरणावर करा. सप्टेंबर १९८९, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) कामगारांचं शनिवारवाड्यावरचं उपोषण, राजन नायर यांचं नेतृत्व. आधी 'सकाळ' आणि 'केसरी'चे त्या महिन्याचे अंक, रोजच्या रोज. केसरीवाड्यातलं ग्रंथालय नारायण पेठेतच आहे, शनिवारवाड्यापासून चालत जाण्यासारखं. बातमी पहिल्या पानावर कधी आली, कधी आत गेली, कामगारांना 'कामगार' म्हटलंय की 'नायर समर्थक', हे लिहून काढा. मग वीकलीचे त्यानंतरचे तीन-चार महिने. मग कंपनीचा त्या वर्षीचा वार्षिक अहवाल. ते अख्खं प्रकरण किती ओळींत बसवलंय ते मोजा. मग राज्याचे संप-टाळेबंदीचे तक्ते, आणि शेवटी लॉ रिपोर्टमध्ये त्या सुमाराचे निकाल. आठवडाभराचं काम आहे. ते केलंत की चाकणमधल्या कुठल्याही तंट्याचे कागद कुठे कुठे असतील हे तुमच्या पायांनाच कळेल.

युनियनचं कपाट मात्र लायब्ररीत जवळजवळ रिकामं सापडेल. गेट मीटिंगची पत्रकं, मागणीपत्रं, वर्गणीच्या पावत्या, सही झालेले करार कोणी ॲक्सेशन नंबर (लायब्ररीचा दाखल क्रमांक) घालून ठेवत नाही. 'दीनबंधु' १८७७ साली पुण्यातच सुरू झालं, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलं, एवढी जुनी कामगार पत्रकारिता आपल्याकडे. तरी साधं १९९०चं युनियनचं पत्रक शोधायला निगडी-चिंचवडच्या कुणा निवृत्त कामगाराच्या माळ्यावर चढावं लागतं. पण तिथे जातानाही लायब्ररी बरोबर न्या. नुसतं "तुमच्या संपाबद्दल सांगा" म्हटलंत तर सगळ्यांना सांगितलेली गोष्ट तुम्हालाही सांगतील. राजपत्रातल्या निवाड्याची झेरॉक्स पुढे ठेवा. पहिली दहा मिनिटं ते चष्मा लावून स्वतःच वाचतात, मग बोट ठेवून म्हणतात, "हे असं नव्हतं." तिथून पुढचं रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून.

या सोमवारी सुरुवात करणार असाल तर सकाळी उघडायच्या वेळीच पोचा. स्टॅकमधून खंड मागवायचे तर जेवणाच्या सुट्टीच्या आत चिठ्ठी गेलेली बरी. एका वेळी तीनच खंड मागा, मामांना पुन्हा तुमच्यासाठी शिडी चढायची आहे. पेन्सिल, पट्टी, फोनचा चार्जर. फोटो काढायची परवानगी आधी काउंटरवर विचारा, आणि प्रत्येक निवाड्याच्या आधी खंडाच्या मुखपृष्ठाचा फोटो घ्या, नाहीतर रात्री घरी दोनशे फोटो असतील आणि कुठलं पान कुठल्या वर्षाचं ते कळणार नाही. आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका. जुन्या कातडी बांधणीची लाल भुकटी सुटते, ती धुण्यात जात नाही.